नेहेत्यांच्या मांडवात पडलेला दगड

"चपला बाहेर काढा," जिजाआत्या म्हणाल्या, "अन् हातपाय धुवा. दगड देवघरात हाये."

मी हातपाय धुतले. जळगावहून एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून केळीच्या बागांमधून पायी, असा प्रवास करून मी पोचले होते. खांद्यावरच्या पिशवीत भिंग, लोहचुंबक, छोटी हातोडी आणि कोरं फडकं होतं. कॉलेजमध्ये भूशास्त्र शिकवायला लागून मला फार दिवस झाले नव्हते. आमच्या विभागप्रमुखांनी निघताना एवढंच सांगितलं होतं, "गोसावीबाई, आकाशातून दगड पडल्याची बातमी खरी असेल तर तो घेतल्याशिवाय परत येऊ नका."

देवघरात बाळकृष्णाला एका कोपऱ्यात सरकवून दगड पाटावर बसवला होता. नारळाएवढा, काळा, एका बाजूला कपचा उडालेला. त्याला झेंडूचा हार घातला होता. हळद होती, पण कुंकू नव्हतं.

"कुंकू काहून नही लावलं म्हनून इचारा," जिजाआत्या म्हणाल्या.

"का नाही लावलं?"

"शुभ हाये का अशुभ, ते ठरलं नही अजून. हळदीनं काही बिघडत नही."

जिजाआत्या म्हणजे घरमालक यादवराव नेहेते यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या आणि तेव्हापासून या घराचा कारभार हाकणाऱ्या. काय घडलं ते त्यांनीच मला सांगितलं, आणि इतकं रंगवून सांगितलं की तो दगड माझ्यासमोरच पडल्यासारखं वाटलं.

यादवरावांच्या मुलीचा, रतनचा, साखरपुडा होता. दारात मांडव होता. नवरदेवाकडची मंडळी आली होती. मांडवाच्या मागच्या टोकाला काशिनाथ आचारी मोठ्या कढईत वांग्याची भाजी घोटत होता. गुरुजींनी नुकतीच सुरुवात केली होती, तेवढ्यात निरभ्र आकाशात गडगडाट झाला, खाणीत सुरुंग लागावा तसा. मग शिट्टीसारखा आवाज. तिथलं मांडवाचं कापड टर्रकन फाटलं आणि दगड कढईचा तळ फोडून थेट चुलीत गेला. सगळी भाजी विस्तवात. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, कारण काशिनाथ नेमका मीठ मागायला माजघरात आला होता.

"भाजी गेली त्याचं काही नही व बाई," आत्या म्हणाल्या, "पन नवरदेवाचे सोपानकाका उठले ना, पाटावरून! म्हने थांबा. हे लक्षन काही ठीक नही. अन् गेले निंघून."

त्यानंतर दोन ज्योतिष्यांना विचारून झालं होतं. एकानं सांगितलं, मुलीच्या पायगुणानं आकाश फाटलं. दुसऱ्यानं सांगितलं, साक्षात इंद्रानं अहेर पाठवला. दोघेही तितक्याच खात्रीनं बोलले. शेवटी दोन्ही घरांनी मिळून ठरवलं की कॉलेजातून कुणीतरी येणार आहे, त्याला विचारू. तो म्हणेल ते दोघांना मान्य. हे मला कुणी कळवलं नव्हतं.

"म्हणजे मी सांगायचं?" मी विचारलं.

"मंग कोन सांगनार? दुपारी येतील ते समदे. तुमी शिकेल हायेत." मग त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. "लगन नही झालं?"

"नाही."

"काहून?"

"राहून गेलं," मी म्हटलं आणि दगड उचलला. तो अपेक्षेपेक्षा जड होता. चुंबक जवळ नेला तसा टक्कन चिकटला. पुस्तकात वाचलेली, काचेच्या पेटीत पाहिलेली उल्का, आणि आता तीच माझ्या ओंजळीत, झेंडूच्या पाकळ्यांसकट.

यादवराव दारात उभे राहून पाहत होते. चार दिवस दाढी न केलेला, उंच, थकलेला माणूस. त्यांनी मला ओसरीवर बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, तुमाले हा दगड पाहिजे ना?"

"कॉलेजला पाहिजे."

"घेऊन जा. हारासकट घेऊन जा. फक्त शुभ हाये म्हना. एक शब्द. काय जातं तुमचं?"

खरं सांगायचं तर माझं काही जात नव्हतं. मुलीचं लग्न होणार होतं, दगड मिळणार होता, आणि नाहीतरी तो दगड काही मला खोटं पाडायला येणार नव्हता. मी "बघते" म्हटलं. मनात मी होकारच दिला होता.

जेवणाआधी अंगणात मोटारसायकल वाजली. जिजाआत्यांनी खिडकीतून पाहिलं आणि पदर सावरला. "नवरदेव! येकलाच आला!"

मुरलीधर फालक सडपातळ, लाजाळू मुलगा होता. शेतकीची पदविका घेऊन घरची केळी पाहत होता. काका मागून येताहेत, आपण जरा आधी निघालो, असं त्यानं जमिनीकडे पाहत सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, दगड बघायला मिळेल का? त्या दिवशी नीट बघताच आला नाही. सगळे पळत होते."

मी दगड ओसरीवर आणला, खाली फडकं पसरलं. भिंग धरायला कुणीतरी हवं म्हणून रतनला हाक मारली. खरं म्हणजे भिंग मला एकटीला धरता येत होतं. जिजाआत्या उंबऱ्यात सूप घेऊन बसल्या, तांदूळ निवडता निवडता राखण करायला.

रतन आली. गोल चेहऱ्याची, रडून डोळे सुजलेली. ती एका बाजूला बसली, मुरलीधर दुसऱ्या बाजूला, मध्ये दगड.

"हा काळा पापुद्रा बघा," मी सांगू लागले. "येताना हवेत घासून बाहेरून वितळला, त्याची ही साय. आणि हा कपचा उडालाय तिथं आत बघा."

रतननं वाकून भिंगातून पाहिलं. मग म्हणाली, "याच्यात मोहऱ्या हायेत."

"मोहऱ्या?" मुरलीधर म्हणाला.

"गोल गोल. बारीक. घ्या ना, बघा." तिनं भिंग त्याच्या हातात दिलं. मला वाटतं, दोघांचे एकमेकांशी बोललेले ते पहिलेच शब्द असावेत.

"हो की! आणि चमकतंय काहीतरी."

"लोखंड आहे ते," मी म्हटलं. "आणि त्या मोहऱ्या म्हणजे वितळलेल्या दगडाचे थेंब. पृथ्वी तयार होण्याच्या आधीचे. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचे."

दोघंही दगडावर आणखी वाकली.

"तेव्हा अठी काय व्हतं?" रतननं विचारलं.

"अठी म्हणजे?"

"आपल्या गावाजवळ."

"गाव नव्हतं. तापी नव्हती. जमीनच नव्हती."

"मानसं?"

"कुणीच नव्हतं. मुंगीसुद्धा नाही."

रतन विचार करत होती. तिच्या कपाळावर आठी उमटली होती. "मंग हा निंघाला तवा कोनासाठी निंघाला?"

"कुणासाठीच नाही. फिरत होता नुसता."

"माह्यासाठी नही?"

"रतन, तू या जगात आहेस हेच त्याला माहीत नाही. कधी कळणारही नाही."

हे ऐकून ती दुखावेल असं मला वाटलं होतं. पण तिचा चेहरा सैल झाला, आणि एकदम ती हसायलाच लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. "म्हंजे याचा माह्यावर राग नही!"

"कशाला असेल?"

"समदे म्हनत होते, हिनं काय केलं म्हनून हे झालं. मी बी आठवू राह्यले, काय केलं म्हनून. मांजरीचं पिल्लू हाकललं व्हतं एकदा, ते बी आठवलं."

मुरलीधरही हसला. "मीही आठवत होतो. मला वाटलं माझंच काहीतरी असेल. मी लहानपणी मारुतीच्या देवळातले पेढे..." तो थांबला.

"चोरले?" रतननं विचारलं.

"दोनदा."

उंबऱ्यातून जिजाआत्या ओरडल्या, "हे लगन मोडलं तर मोडो, पन ह्याच्या हाती परसाद देऊ नका!"

मग तर तिघंही हसत सुटली. मी मात्र भिंग पुसत बसले. मी आत्ता रतनला जे सांगितलं होतं ते मलाच ऐकू आलं होतं. वर्गात मी उल्का शिकवत होते, पण 'तू आहेस हेच त्याला माहीत नाही' हे वाक्य माझ्या तोंडून यापूर्वी कधी निघालं नव्हतं. आणि यादवरावांना मनात दिलेला होकार आता मला पाळता येईनासा झाला.

दुपारी सोपानकाका आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. मुरलीधर लहान असतानाच त्याचे वडील वारले होते. या चुलत्यानंच त्याला वाढवलं होतं. भाऊबंद, शेजारीपाजारी, काशिनाथ आचारी, सगळे अंगणात जमले. मांडव अजून तसाच होता, मागच्या बाजूच्या भोकातून आकाश दिसत होतं. मी दगड पुढ्यात ठेवून उभी राहिले.

"बोला," सोपानकाका म्हणाले. "शुभ का अशुभ?"

यादवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "मला माहीत नाही."

अंगणात कुजबुज झाली.

"माहीत नही म्हंजे?" काका म्हणाले. "एवढं कालेज शिकले ना तुमी?"

"दगड काय आहे ते सांगता येईल. कशाचा आहे, किती जुना आहे, तेही येईल. पण तो आपल्याला काही सांगायला आलाय असं मला कुठं दिसत नाही. खरं तर तो आलेलाच नाही. तो आपल्या वाटेनं चालला होता. पृथ्वी फिरत फिरत त्याच्या वाटेत गेली."

"म्हंजे चूक आपली?" मागून कुणीतरी विचारलं, आणि लोक हसले.

"चूक कुणाचीच नाही."

"मंग काशिनाथचं काय?" जिजाआत्या पुढं सरसावल्या. "तो उठला नेमका तवाच, ते?"

"मीठ संपलं होतं म्हणून उठला ना?"

"अन् मीठ काहून संपलं?" असं विचारता विचारताच आत्यांचा चेहरा उजळला. "मीच कमी काढून देलतं! काटकसरीनं वापर म्हनलं त्याले! पाहा रे, मी वाचवला ह्याले!"

काशिनाथनं भर अंगणात त्यांच्या पाया पडून घेतलं. त्यांचा हा शोध खोडून काढायची माझी हिंमत नव्हती, आणि इच्छाही नव्हती.

सोपानकाका मात्र हसले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "बाई, तुमी तरुन हायेत. म्या असं एकदा हसन्यावारी नेलं व्हतं. माहा भाऊ, याचा बाप, इहीर खांदाले निंघाला त्या सकाळी दारातच घुबड बसेल व्हतं. मी म्हनलो, जाय रे, घुबड काय करीन. इहिरीची दरड पडली त्याच्यावर. तवापासून मी इशारा आला का थांबतो. आज थांबलो नही, अन् ह्या पोराले काही झालं, तर?"

मुरलीधर खाली मान घालून उभा होता. मला वाटलं होतं की समोर एक हेकट म्हातारा आहे. तिथं एक घाबरलेला माणूस उभा होता.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही थांबवलं असतं तर भाऊ वाचले असते का, तेही मला माहीत नाही."

"तुमच्या घरचं कोनी गेलं हाये का असं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारत होते.

हे मी कुठंच सांगत नसे. कॉलेजात कुणाला माहीत नव्हतं. पण त्यांनी त्यांचं सांगितलं होतं.

"हो," मी म्हटलं. "माझं लग्न ठरलं होतं. शरद त्याचं नाव. साखरपुडा झाला होता. तो नाशिकला मला भेटायला निघाला. आधीची गाडी भरली होती, म्हणून तो मागच्या गाडीत बसला. ती घाटात कोसळली." माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा स्थिर होता. "त्याच्या घरचे म्हणाले, मुलीचा पायगुण. मी शिकलेली, मी म्हणायचे, असं काही नसतं. पण रात्रंदिवस शोधत होते, माझं काय चुकलं. त्याला पत्रात ये म्हणून लिहिलं ते चुकलं, की आणखी काही. आता तुमच्याकडे मीठ कमी पडलं म्हणून काशिनाथ वाचले, आणि तिकडे गाडी भरली होती म्हणून शरद गेला. मला दोन्हीही सारखंच कळत नाही, काका. मी खूप शोधलं. नाही सापडत."

"मंग कसं करता?" सोपानकाकांनी हळूच विचारलं.

"शिकवते. जेवते. कुठं दगड पडला तर बघायला जाते."

जिजाआत्यांनी डोळ्याला पदर लावला. मी मनातून तयार होते. हे कळल्यावर बायका जरा मागं सरतात, हे मला सवयीचं होतं. मैत्रिणींच्या लग्नांची बोलावणीसुद्धा यायची बंद झाली होती. आली तर "गर्दीत ये, जेवायला ये" अशी यायची.

तेवढ्यात मुरलीधर बोलला. "काका, दगडाला काही म्हणायचं नाही, असं मॅडम म्हणतात. पण मला म्हणायचंय." त्याचे कान लाल झाले होते. "मला हे लग्न करायचंय."

"अन् काही झालं तर?"

"झालं तर झालं. मी तुमच्यावर ढकलणार नाही. तिच्यावर तर नाहीच."

काकांनी दाराकडे पाहिलं. रतन चौकटीला धरून उभी होती. "पोरी, तुले भेव नही वाटत?"

"वाटतं," रतन म्हणाली. "पन ते दगड पडायच्या आधीपासून वाटतं."

बायकांमध्ये खसखस पिकली. म्हाताऱ्याच्या मिशीखालीही काहीतरी हललं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, टोपी नीट केली आणि यादवरावांना म्हणाले, "पाव्हनं, साखर आना. त्या दिवशीचं राह्यलं हाये."

धावपळ उडाली. गुरुजींना बोलवायला कुणीतरी सायकलवर गेलं, काशिनाथनं नजर नको म्हणून नव्या कढईला चुन्याचं बोट लावलं, यादवराव दाढी करायला आत पळाले. मी दगड फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि नेहमीच्या सवयीनं मागं, तुळशीवृंदावनाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले.

विधी झाले. रतनची ओटी भरली. साखर वाटायची वेळ आली तेव्हा यादवराव ताट घेऊन निघाले होते. सोपानकाकांनी त्यांना थांबवलं, ताट स्वतःच्या हातात घेतलं आणि सगळं अंगण ओलांडून ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"वाटा, बाई," ते म्हणाले.

"मी? काका, मी आत्ताच सांगितलं ना तुम्हाला..."

"ऐकलं म्या. बहिरा नही मी." त्यांनी ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. त्यांना भीती वाटत होती, अजूनही वाटत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. "तुमाले माहीत नही, मले बी नही. मंग कोनी तरी तर वाटाले पाहिजे ना साखर! घ्या."

मी ताट घेतलं. पहिली चिमूट रतनच्या हातावर ठेवली, दुसरी मुरलीधरच्या. मग यादवराव, काशिनाथ, बायका, पोरंसोरं, दाराशी उभे असलेले शेजारी. एकाही बायकेनं हात मागं घेतला नाही. जिजाआत्यांनी तर दोनदा घेतली आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अंमळ जास्तच.

जेवायला संध्याकाळ झाली. अंगणात पंगत बसली. वरण, बट्टी, आणि काशिनाथनं नव्यानं घोटलेली वांग्याची भाजी, या वेळी मीठ जरा जास्त. सोपानकाका माझ्या शेजारच्या पाटावर होते. तूप ओतून घेताना ते माझ्याकडे झुकले.

"बाई, येक इचारू? परत पडीन का?"

"पडेल," मी म्हटलं. "कुठंतरी कधीतरी पडतातच. कधी, कुठं, ते नाही सांगता येत."

"अठी बी?"

"इथंसुद्धा. उद्याही, हजार वर्षांनीही. किंवा कधीच नाही."

त्यांनी वर पाहिलं. मांडवाच्या भोकातून पहिली चांदणी दिसत होती. त्यांनी पत्रावळ उचलली, पाट काखेत मारला आणि गोठ्याच्या पत्र्याखाली जाऊन बसले.

"अहो काका!" मुरलीधर हसत ओरडला. "पत्र्यानं काय होणारे?"

"असू दे रे," ते तिकडून म्हणाले. "आपलं आपन बसलेलं बरं."

सगळी पंगत हसली. जिजाआत्यांनी मलाही हाक मारली, "बाई, तुमी बी या आडोशाले!"

"राहू द्या, आत्या," मी म्हटलं. "इथं बरी हवा आहे. जरा भाजी वाढायला सांगा."

काशिनाथ भाजी घेऊन आला. मी आणखी दोन बट्ट्या मागून घेतल्या.